दक्षिणेचा मानकरी कोण?

पेशवाईत श्रावण उजाडला की पुण्याच्या वाटा ब्राह्मणांनी फुलून जात. काशी, मिथिला, तेलंगण, द्रविड, कर्नाटक, कुठून कुठून माणसं येत आणि सगळ्यांचे पाय पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्याकडे वळत. रमणा म्हणजे भिंतीनं बंदिस्त केलेलं एक प्रशस्त आवार. जमलेल्यांना आत घ्यायचं, दारं लावायची आणि एकेकाला बाहेर सोडताना हातावर दक्षिणा ठेवायची, असा रिवाज. एकदा घेतलेला भिडू पुन्हा रांगेत घुसू नये, एवढाच त्या दारांचा हेतू. विद्वानांच्या मेळाव्यालाही अशी दारं लागत होती, ही गोष्ट तेव्हाच्या कारभाऱ्यांच्या व्यवहारज्ञानाची साक्ष देते.

आज आपण या प्रकाराकडे दानधर्म म्हणून पाहतो आणि पुढे जातो. मला तो मराठी राज्याच्या शिक्षणखर्चाचा ताळेबंद वाटतो. त्या काळी सरकारी महाविद्यालय नावाची गोष्ट नव्हती. शास्त्र्याच्या घरी पाठशाळा चाले, विद्यार्थी माधुकरी मागून जेवत, आणि ज्या शास्त्र्याच्या पदरी शिष्य मोठे त्याला दरबारातून मान मिळे. दक्षिणा त्या मानाची रोकड बाजू होती. तिच्यात दोन पदर होते. वैदिक आणि शास्त्री यांची परीक्षा होई, त्यांच्या विद्येची प्रत ठरे आणि त्याप्रमाणे रक्कम मिळे. उरलेल्या सामान्य ब्राह्मणांसाठी रमणा. पहिल्या पदराला शिष्यवृत्ती म्हणायला हरकत नाही. दुसऱ्याला काय म्हणायचं ते वाचकांनीच ठरवावं.

प्रथा मूळची पेशव्यांची नव्हे. सेनापती दाभाडे तळेगावला दक्षिणा वाटत. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले, आणि त्यानंतर पहिल्या बाजीरावानं ती पुण्यात सुरू केली. शत्रूला मारलं, पण त्याचं पुण्यकर्म बंद पडू दिलं नाही. त्यात भक्ती किती आणि राजकारण किती, हे वेगळं करणं अवघड आहे. ज्याच्या दारी विद्वान जमतात तो राज्याचा खरा धनी, हे दाभाड्यांना कळत होतं आणि बाजीरावालाही.

पुढे या दक्षिणेच्या व्यवस्थेवर पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांची देखरेख आली. त्यांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. त्यांचे वडील बंधू दक्षिणेसाठी आले. नाना फडणविसांनी सुचवलं, शास्त्रीबुवांचे बंधू, त्यांना वीस रुपये द्यावेत. रामशास्त्री म्हणाले, त्यांच्या विद्येच्या माणसाला दोन मिळतात, तेवढेच द्या. भाऊ म्हणून जे द्यायचं ते मी माझ्या घरातून देईन. गोष्ट रामशास्त्र्यांच्या निःस्पृहपणासाठी सांगितली जाते, आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यातला दुसरा तपशीलही बघा. कुणाला किती द्यायचं हे एक माणूस ठरवत होता. तो रामशास्त्री असला तर ठीक. इतरांचं काय? आणि ब्राह्मण नसलेल्याला रमण्याचं दारच नव्हतं, हा तपशील तर कुणाला खटकतही नव्हता.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, पुढच्या वर्षी दुसरा बाजीराव शरण गेला, आणि दक्षिणेचा हिशेब ईस्ट इंडिया कंपनीचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या टेबलावर आला. बाजीरावाच्या काळात दरसाल पाच लाखांच्या आसपास रुपये यात जात होते. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. १८१३ च्या चार्टर कायद्यात ब्रिटिश पार्लमेंटनं कंपनीला बजावलं होतं की हिंदुस्थानातल्या आपल्या मुलखात विद्येच्या प्रसारासाठी वर्षाला निदान एक लाख रुपये बाजूला काढा. कंपनीच्या साऱ्या मुलखाला मिळून एक लाख, आणि एकट्या पुण्याच्या एका श्रावणात पाच लाख. नव्या राज्यकर्त्याच्या डोळ्यांत ते खुपणार, हे उघडच होतं.

एल्फिन्स्टन मात्र सावध माणूस. एवढा पैसा एका झटक्यात तोडला तर पुण्याचा ब्राह्मण कंपनीचा कायमचा वैरी होईल, हे त्यानं ओळखलं. रमण्यातलं सरसकट वाटप त्यानं थांबवलं, विद्वानांची दक्षिणा चालू ठेवली आणि सुमारे पन्नास हजार रुपये त्यासाठी राखले. त्याच्यामागून आलेला कमिशनर चॅपलिन यानं ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. न्याय, व्याकरण, वेदान्त, धर्मशास्त्र, ज्योतिष, अलंकार, वैद्यक असे विषय, शिकवायला शास्त्री आणि शिकणाऱ्यांना सरकारी विद्यावेतन. शेवटच्या पेशव्यानं हौसेनं बांधलेल्या वाड्यात त्याचं राज्य घेणाऱ्यांनी शास्त्र्यांना नेमणुका दिल्या. पुणेकरांना यात विपरीत काही वाटलं नसावं. धनी बदलला होता, दक्षिणा चालू होती. पाठशाळाही फक्त ब्राह्मणांसाठीच होती, म्हणजे त्या बाबतीतही काही बदललं नव्हतं.

पाठशाळेची पहिली दहा-पंधरा वर्षं यथातथाच गेली. शास्त्री जुन्या वळणानं शिकवत, साहेब लोक तक्रार करत, बंद करावी की सुधारावी असा घोळ चाले. अखेर मेजर थॉमस कँडी या कोशकार अधिकाऱ्याकडे तिची व्यवस्था सोपवली गेली. दक्षिणेच्या बाजूनंही १८३० च्या दशकात सरकारनं हात आखडता घेतला. जे घेत आहेत त्यांना हयातीपर्यंत मिळेल, नवे उमेदवार घ्यायचे नाहीत. जुना शास्त्री वारला की त्याची रक्कम शिल्लक पडायची. अशी शिल्लक साचत गेली, आणि साचलेल्या पैशावर भांडण होणं हा जगाचा नियमच आहे.

भांडण पेटलं १८४९ मध्ये. गोपाळ हरी देशमुख त्या वेळी पंचविशीत होते. मुंबईच्या ‘प्रभाकर’ पत्रात ‘लोकहितवादी’ या नावानं त्यांची पत्रं आदल्या वर्षापासून येत होती, आणि पुण्याच्या भटभिक्षुकांचं धाबं त्यांनी आधीच दणाणवलं होतं. देशमुख आणि त्यांच्या मंडळींनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणेतून वाचणारा पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना बक्षीस म्हणून द्यावा, आणि ते बक्षीस कोणत्याही जातीच्या माणसाला मिळावं, अशी मागणी. आज वाचताना मागणी किती मवाळ वाटते! कुणाची चालू दक्षिणा तोडा असं त्यात नव्हतं. पण संस्कृताच्या जागी मराठी आणि ब्राह्मणाच्या जागी कोणीही, हे दोन घाव एकाच कागदावर होते. जुन्या पक्षानं ते नेमके ओळखले.

पुण्यात गदारोळ झाला. अर्जावर सही करणाऱ्यांना बहिष्काराची भीती घातली गेली, मारहाणीच्या गोष्टी निघाल्या. त्या वेळी जोतीराव फुले बाविशीत होते. भिडेवाड्यातली मुलींची शाळा सुरू होऊन जेमतेम वर्ष झालेलं, आणि त्यापायी वडिलांचं घरही सुटलेलं. चरित्रकार सांगतात की सुधारकांच्या संरक्षणासाठी जोतीरावांनी शे-दोनशे माणसं उभी केली. ज्या दक्षिणेचं दार त्यांच्या समाजाला शंभर वर्षांत कधी उघडलं नव्हतं, तिच्या वाटणीचा अर्ज करणाऱ्या ब्राह्मण तरुणांना सांभाळायला माळी आणि इतर कष्टकरी जातींची माणसं आली. पुण्याच्या इतिहासातला हा प्रसंग जेवढा सांगितला जायला हवा तेवढा सांगितला जात नाही.

सरकारनं अर्ज मानला. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसं सुरू झाली. त्याच वर्षी संस्कृत पाठशाळा आणि पुण्याची इंग्रजी शाळा एकत्र करून पूना कॉलेज निघालं. त्याचं पुढे डेक्कन कॉलेज झालं आणि ते येरवड्याला सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या इमारतीत गेलं. कॉलेजचं दार सर्व जातींना मोकळं झालं. कागदावर तरी.

आणि इथेच कथेला पीळ पडतो. १८५५ मध्ये जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. जोशीबुवाच्या थापांना भुलून कर्जात बुडालेलं एक कुणबी जोडपं, त्यांना जागं करणारा पाद्री आणि शेवटी रात्रीच्या शाळेत जायला निघालेले नवराबायको, असा त्याचा विषय. हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवलं. ज्या कमिटीसाठी सहा वर्षांपूर्वी माणसं उभी केली, तिच्याकडेच. कमिटीनं ते नाकारलं. युरोपियन सभासदांचं ब्राह्मण सभासदांपुढे काही चाललं नाही, असं जोतीरावांनी पुढे ‘गुलामगिरी’त स्वतः लिहून ठेवलं आहे. नाटक छापून लोकांसमोर यायला १९७९ साल उजाडावं लागलं. दार सगळ्यांना उघडलं होतं, पण दारावरचा माणूस तोच होता.

दक्षिणेच्या पैशाचा तिसरा अवतार मात्र खरोखर देखणा होता. १८ जुलै १८५७ रोजी, उत्तर हिंदुस्थान पेटलेला असताना, मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. हे विद्यापीठ शिकवत नव्हतं. ते परीक्षा घेई आणि पदव्या देई. त्याच्या भव्य इमारती शेठजींच्या देणग्यांतून उभ्या राहिल्या. ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर यांच्यासाठी एकट्या प्रेमचंद रायचंदांनी चार लाख दिले. सरकारचा पैसा मुख्यतः सरकारी कॉलेजांत जाई, आणि तिथे दक्षिणा फंडातून दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. पुढचं शिकायचं, खालच्या वर्गांना थोडं शिकवायचं आणि त्यासाठी महिन्याला ठरावीक रक्कम घ्यायची, अशी ही योजना होती.

१८५९ च्या पहिल्या मॅट्रिकला १३२ मुलं बसली आणि २२ पास झाली. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. दोघेही दक्षिणा फेलो झाले. रानड्यांना कनिष्ठ फेलो म्हणून महिना साठ आणि वरिष्ठ फेलो म्हणून एकशेवीस रुपये मिळत. मामलेदार कचेरीच्या वातावरणात वाढलेल्या मध्यम घरातल्या मुलाला हा पैसा नसता तर तो नोकरीला लागला असता, एवढं सांगायला इतिहासकार लागत नाही. भांडारकरांचं संस्कृतही याच सवलतीच्या सावलीत पक्कं झालं. रमण्यात ज्या विद्येला नाणं मिळत होतं तीच विद्या. मात्र आता तिला युरोपीय चिकित्सेची धार आली होती.

पण साठ रुपयांच्या मागे एक अदृश्य अट होती. विद्यार्थी असताना रानड्यांनी एका निबंधात मराठी राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि ती इंग्रजांना अनुकूल नव्हती. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपल अलेक्झांडर ग्रँट रानड्यांवर प्रेम करणारे, पण ते संतापले. जे सरकार तुला शिकवतं त्याचीच निंदा करतोस, अशा अर्थाचं त्यांनी सुनावलं आणि रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली. पुढे हेच रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि आयुष्याच्या अखेरीस, १९०० मध्ये, पेशव्यांच्या दफ्तरावर निबंध लिहिताना त्यांनी दक्षिणेच्या प्रथेचीही दखल घेतली. तिनं दूरदूरच्या विद्वानांना पुण्याकडे कसं खेचलं हे त्यांनी कौतुकानं लिहिलं. स्वतः त्या फंडाचं अन्न खाल्लेला माणूस त्याचा इतिहास लिहीत होता. असा योग क्वचित येतो.

रानड्यांची पिढी पदव्या घेत असताना जोतीराव दुसराच हिशेब मांडत होते. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणारं सरकारी हंटर कमिशन आलं. १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख घातलेलं त्यांचं निवेदन मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण सरकारी पैसा आणि उच्च शिक्षण यांच्यावर मराठी माणसानं केलेलं ते पहिलं धारदार लेखापरीक्षण आहे. त्यांचा मुद्दा साधा होता. सरकारची तिजोरी भरते शेतसाऱ्यानं, तो सारा देतो शूद्र शेतकरी, आणि तिजोरीतला मोठा हिस्सा जातो वरच्या वर्गाच्या मुलांच्या कॉलेजावर. वरच्यांना शिकवलं की विद्या झिरपत खाली येईल, हे सरकारचं तत्त्वज्ञान. इतकी वर्षं झाली, झिरपलं कुठे? म्हणून आधी गावागावांत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्तीचं प्राथमिक शिक्षण द्या, असं त्यांनी मागितलं.

त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांवर त्यांनी थोडंसंच लिहिलं आहे, पण तो भाग फार दूरवर पाहणारा आहे. शिष्यवृत्ती चढाओढीच्या परीक्षेनं देणं तत्त्वतः न्यायाचं दिसतं, पण ज्यांच्या घरात विद्येची गोडी आधीच आहे त्यांनाच ती पोचते; तेव्हा ज्या वर्गांत शिक्षणाचा शिरकावच झाला नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या वेगळ्या ठेवा. त्या काळच्या सुशिक्षितांना हे ऐकून काय वाटलं असेल! गुणवत्तेची परीक्षा ही त्यांची सगळ्यात मोठी मिळकत होती. रामशास्त्र्यांचा भाऊ दोन रुपये घेऊन गेला कारण परीक्षा निःपक्षपाती होती. जोतीराव विचारत होते, परीक्षेला बसण्याइतकी ऐपत कुणाच्या मुलात येते?

कमिशननं त्यांचं निवेदन छापलं आणि बाजूला ठेवलं. उत्तर मिळालं ते संस्थानांकडून. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहं उभारायला सुरुवात केली. फी माफ झाली तरी शहरात राहायचं कुठे आणि जेवायचं काय, हा खेड्यातल्या मुलाचा खरा प्रश्न त्यांनी ओळखला होता. बडोद्यातही श्रावणमासाची दक्षिणा होती, आणि सयाजीरावांनी ती परीक्षेच्या शिस्तीत बसवली. पण त्याच खजिन्यातून १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंड मिळाले. बदल्यात दहा वर्षं संस्थानची चाकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागला. पुढे ती नोकरी कशी मोडली, बडोद्यात या विद्वानाला राहायला खोली कशी मिळाली नाही, ही कथा सर्वांना ठाऊक आहे.

आंबेडकरांनी हा पैशाचा धागा पुढे सोडला नाही. १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणखात्याच्या मागण्यांवर बोलताना त्यांनी दाखवून दिलं की कला महाविद्यालयांच्या खर्चातला ३६ टक्के वाटा विद्यार्थ्यांच्या फीतून वसूल होतो. शिक्षणाचा हा व्यापार झाला, असं ते म्हणाले. त्याच भाषणात एक हिशेब असा होता: इलाख्यात दर माणशी शिक्षणावर खर्च १४ आणे आणि दारूच्या अबकारीतून दर माणशी वसुली दोन रुपयांहून जास्त. १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर त्यांनी २९ ऑक्टोबरला लॉर्ड लिनलिथगोंना सविस्तर निवेदन दिलं. बनारस आणि अलीगढ या विद्यापीठांना सरकार दरसाल प्रत्येकी तीन लाख देतं, मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणाला का नाही, हा त्यांचा सवाल होता. तेवढीच रक्कम मंजूर करून घेऊन ते थांबले. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू झाली. हजारो घरांतला पहिला पदवीधर या शिष्यवृत्तीच्या बळावर घडला आहे. जोतीरावांनी १८८२ मध्ये जे मागितलं, त्याला साठ वर्षांनी दिल्लीत सही मिळाली.

मराठी मुलखातली शेवटची मोठी उडी यशवंतराव चव्हाणांच्या नावावर आहे. १९५९ च्या सुमारास द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असताना त्यांनी आर्थिकदृष्ट्या मागास (ईबीसी) घरांतल्या मुलांची फी माफ करण्याची योजना आणली. उत्पन्नाची मर्यादा आधी वर्षाला ९०० रुपये होती, ती लवकरच १२०० झाली. या मर्यादेत राज्यातली जवळजवळ सगळी शेतकरी घरं बसत होती, म्हणून खर्चाच्या चिंतेनं खात्यांनी कुरकुर केली. बसतात म्हणूनच ती मर्यादा ठेवली होती. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये निघालं होतं, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये निघालं. ईबीसीची सवलत घेणारी पोरं वळकट्या घेऊन तिथे आणि भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयांत दाखल झाली. अर्जाला जोडायला एकच कागद लागे, तहसील कचेरीतला उत्पन्नाचा दाखला. तो मिळवायला तलाठ्याच्या मागे किती हेलपाटे घालावे लागत, हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारा.